होयबाचं जहाज

त्याला होयबा म्हणायला बायकोने सुरुवात केली, आणि त्यावरही तो "हो ना" म्हणाला.

अर्थात त्याचा धंदाच तसा होता. कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं सलून. एका खुर्चीत गिऱ्हाईक, दुसरीत वाट बघणारं गिऱ्हाईक, कारण दुसरी खुर्ची वर गेली की खाली यायचं नाव घेत नसे. येणारे बहुतेक निवृत्त. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फार उरलेलं नसे, पण डोक्यात बोलण्यासारखं पुष्कळ असे. गुडघे, सून, पूर्वीचा साहेब, पुन्हा गुडघे. दहा वाजता एक जण म्हणे, "हल्लीची पिढी पार बिघडली." होयबा म्हणे, "हो ना." थोड्या वेळाने दुसरा म्हणे, "हल्लीची पोरं हुशार हो, आपल्यासारखी नाहीत." त्यावरही "हो ना." हातात वस्तरा असताना वाद घालायचा नाही, हा त्याचा नियम. वादात माणूस मान हलवतो आणि नंतर कान शोधत बसावं लागतं. गंमत अशी की संध्याकाळी वस्तरा खाली ठेवला तरी नियम काही खाली ठेवला जात नसे.

बायको लहान मुलांना पोहायला शिकवायची. अख्खी कॉलनी तिला टीचर म्हणे. दूधवालाही टीचर म्हणे आणि कधी कधी, चुकून, होयबाही. सकाळपासून ती कमरेएवढ्या पाण्यात उभी. भोवती दहा-बारा पिल्लं, प्रत्येकाच्या नाकात पाणी गेलेलं आणि प्रत्येकाची दुसऱ्याबद्दल तक्रार. गळ्यात शिटी. घरी यायची तेव्हा केसांना क्लोरीनचा वास आणि कानांत "टीचर, टीचर" असा एक भुंगा.

एका संध्याकाळी टॉवेल वाळत घालता घालता ती म्हणाली, "मी शेवटची कधी पोहले, माहितीये तुला?"

"आज सकाळी."

"आज सकाळी मी उभी होते. रोज उभीच असते. पोहतात ती."

"मग रविवारी पोह की."

"रविवारी पूल कसा असतो, बघितलायस? भाजी शिजायला टाकल्यासारखी माणसं. आणि काठावर पोरांच्या आया. टीचर, जरा बघा ना, हा पाय नीट मारतोय का?"

लग्नाआधी होयबा तिला भेटायला तलावावर जायचा, ते त्याला आठवलं. ती या टोकाला पाण्यात शिरायची आणि पार त्या टोकाला वर यायची. मधे बराच वेळ तिचा पत्ताच नसायचा आणि काठावर याचा जीव टांगणीला. वर आली की ती विचारायची, घाबरलास? हा म्हणायचा, हो ना. तेव्हाचं ते "हो ना" अगदी खरं होतं.

घर मोठं करायचं म्हणून थोडे पैसे बाजूला टाकलेले होते. दोघांना मोठं घर कशाला, असं एक दिवस दोघांच्याही लक्षात आलं. आणि ठरलं, जहाजाने जायचं. तेही थाटात. जिथे कुणी तिला टीचर म्हणणार नाही आणि कुणी त्याला गुडघे सांगणार नाही.

ट्रॅव्हल ऑफिसातल्या बाईंनी कॉम्प्युटर उघडला. "हनिमून ना?"

"लग्नाला नऊ वर्षं झाली," टीचर म्हणाली.

"अच्छा, मग फॅमिली. मुलं किती?"

"आम्ही दोघंच."

"म्हणजे मुलं आजीकडे ठेवणार?"

"मुलं नाहीत."

बाईंचा चेहरा लगेच सांत्वनाला आला. मूल का नाही, याची या दोघांची काही मोठी कहाणी नव्हती. नको होतं. पण लोकांना कहाणीच हवी असे, म्हणून "होईल हो, धीर धरा" असं कुणी म्हटलं की होयबा "हो ना" म्हणून मोकळा व्हायचा आणि घरी येऊन बोलणी खायचा. आताही बाई म्हणाल्या, "होईल हो," आणि याचं तोंड उघडायच्या आत टीचरने टेबलाखाली त्याचा पाय दाबला.

"आमच्याकडे हनिमून, फॅमिली आणि सीनियर असे तीनच प्रकार आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही मधेच कुठेतरी येता."

मग जहाजं आली. पहिलं म्हणजे तरंगतं शहरच. घसरगुंड्या, झुले, चढायच्या भिंती, आणि प्रत्येक फोटोत तोंड उघडलेली पोरं. "मोठ्यांसाठी वेगळा डेक आहे," बाई म्हणाल्या. टीचरने नुसता फोटो बघितला आणि म्हणाली, "डेक वेगळा असेल. आवाज वेगळा नसतो." दुसऱ्या जहाजावर सगळी विशीतली मंडळी फेसात नाचत होती, पहाटेपर्यंत. दिवसभर पायांवर उभं राहणाऱ्या होयबाला तो फोटो बघूनच पोटऱ्या दुखायला लागल्या. तिसरं जहाज लहान, देखणं. प्रत्येक खोलीला बाल्कनी, हाक मारायच्या आत हजर होणारा सेवक, निळाशार पूल, आणि अठराच्या आतल्या कुणाला प्रवेश नाही.

"हेच!" टीचर म्हणाली.

होयबाने फोटो जवळ घेतला. पूलभोवती आरामखुर्च्या होत्या आणि प्रत्येक आरामखुर्चीत एक पांढरं डोकं. इथे टक्कल, तिथे कानांवर वाढलेली झुलपं, एकाची मान तर कुणीतरी डोळे मिटून कापलेली. "अगं, ही सगळी माझीच गिऱ्हाइकं आहेत!"

थोडक्यात, मोठ्या जहाजावर तिची नोकरी आणि लहान जहाजावर त्याचं सलून. विचार करून सांगतो, असं म्हणून दोघं दोन्ही जहाजांची रंगीत पुस्तकं घेऊन बाहेर पडली.

चूक झाली ती अशी, की होयबाने ती पुस्तकं सलूनमधल्या काउंटरवर ठेवली. त्याची थोरली बहीण महिन्यातून एकदा जुळ्या मुलांना केस कापायला आणायची. मुलं सात वर्षांची. ती आत आली की सलूनमधलं गिऱ्हाईक आपोआप बाहेर जाई.

"अय्या, घसरगुंड्या!" ताईने मोठ्या जहाजाचं पुस्तक उचललं. "तुम्ही चाललात होय? अरे, पण तुम्हा दोघांना घसरगुंडीचा काय उपयोग? या दोघांना घेऊन जा. मामीला सवय आहेच मुलांची. आणि तुमच्याही घराला जरा घरपण येईल, काय?"

होयबाच्या एका हातात एका भाच्याचं डोकं होतं, दुसऱ्या हातात कात्री. डोकं हलत होतं. आणि तोंड, आपलं रोजचं काम करावं तसं, म्हणालं, "हो ना."

बातमी त्याच्या आधी घरी पोचली. दुपारच्या वर्गात, तिच्याकडेच पोहायला शिकणारे दोन्ही भाचे पाण्यात उडी मारता मारताच ओरडले होते, "मामी, आम्ही पण येणार जहाजावर! मामाने सांगितलं!" आणि मामी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती.

संध्याकाळी ती भांडली नाही. ती भांडली असती तर होयबाला बरं वाटलं असतं. तिने गळ्यातली शिटी काढली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही पण बॅगेत टाकायची ना?"

होयबाने हातातला घास ताटात परत ठेवला. "अगं, तसं नाही. आपण ते लहान जहाजच घेऊ. तिथे मुलांना घेतच नाहीत. ताईला सांगतो, कंपनीचा नियम आहे, आमचा नाइलाज आहे."

"म्हणजे ताई म्हणणार, बिचारे, नेणार होते पण नेता आलं नाही. आणि पुढच्या सुट्टीत दोन्ही पोरं आपल्या दारात. मला नियम नकोय. तू सांग, की आम्हाला दोघांनाच जायचंय. नाहीतर जायलाच नको. मी रविवारी भाजीत पोहेन."

"असं एकदम तोंडावर सांगू?"

"तोंडावर जमत नसेल तर मागून सांग. तसाही तू आयुष्यभर माणसांच्या मागेच उभा आहेस."

दुसऱ्या दिवशी होयबाने लहान जहाजाची तिकिटं काढली. ते सोपं होतं. मग त्याने "नाही" म्हणायचा सराव सुरू केला. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त हेडमास्तर. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "हल्लीची पिढी पार बिघडली, काय?"

"नाही," होयबा म्हणाला.

मास्तर एवढ्या वेगाने मागे वळले की कल्ला एका बाजूने कानाच्या वर गेला. मग दुसरा कल्लाही तिथपर्यंत न्यावा लागला. मास्तर आरशात बघून म्हणाले, "तब्येत बरी नाही का तुझी?" होयबा सवयीने म्हणाला, "हो ना."

ताई आली तेव्हा मुलांचे केस वाढलेलेही नव्हते. "माझीच टोकं काप जराशी," ती म्हणाली. "पार्लरमध्ये जायला फुरसत कुठे मिळते!" ती खुर्चीत बसली. त्याने तिच्याभोवती कपडा गुंडाळला, मागे गाठ मारली. आता ती हलू शकत नव्हती आणि तो मागे उभा होता. याहून चांगला मोका मिळणार नव्हता. जुळे दुसऱ्या खुर्चीवर चढून बसले होते आणि खुर्ची वर वर चालली होती.

"ताई, ते जहाजाचं..."

"हो, अरे, पासपोर्टचे फोटो काढून आणलेत दोघांचे. एकाने डोळे मिटलेत. चालेल ना?"

"हो ना" पार दातांपर्यंत आलं. होयबाने ते गिळलं.

"मुलांना नेत नाही आम्ही."

"का? घेत नाहीत का तिथे?"

पळवाट सताड उघडी होती. नुसतं "हो ना" म्हणायचं आणि सुटायचं. त्याला ताटाशेजारची शिटी दिसली.

"घेत नाहीत. पण घेत असते तरी नेलं नसतं. आम्हाला दोघांनाच जायचंय."

आरशातल्या ताईने आरशातल्या भावाकडे बघितलं. "हे बायकोने शिकवून पाठवलंय."

"तिने सांगायला सांगितलं. पण जायचंय मलाही. ती पोहणार आणि मी बघत बसणार. बरीच वर्षं बघितलेलं नाही."

"इतकी जड झाली का रे माझी मुलं तुम्हाला?"

"तुला होत नाहीत?"

उत्तर द्यायला ताईने तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून पाण्याच्या फवाऱ्याची एक सरळ धार आली आणि ताईच्या चष्म्यावर फुटली. पाठोपाठ पावडरचा डबा. पांढऱ्या धुरळ्यात दोन आवाज एकमेकांवर ओरडत होते, "आई, याने केलं! आई, यानेच!" ताईने कपड्याखालून हातही काढला नाही. डोळे मिटून ती तशीच बसून राहिली.

"घेतच नाहीत म्हणालास?" ती हळूच म्हणाली. "एकही नाही?"

"एकही नाही."

"म्हणजे अख्ख्या जहाजावर आई म्हणून कुणी ओरडत नाही?"

"ओरडलं तर साठीचं कुणीतरी ओरडेल."

"आणि जेवण आयतं?"

"आयतं. वाढणारा शेजारी उभा."

ताईने एक डोळा उघडला. "तिथे अजून एक खोली मिळेल का रे?"

एका दिवसात दोन नकार म्हणजे जरा जास्तच होतं. "नाही, ताई."

"मिळणार नाही, की नको?"

"नको."

"फार बोलायला लागलास हल्ली," ताई म्हणाली; पण पावडरने पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत हसलीही. "बरं, पुढच्या वर्षीचं विचारून ठेव. मी आणि तुझे भावोजी जाऊ. तेव्हा ही दोघं तुमच्याकडे राहतील. चालेल ना?"

"हो ना," होयबा म्हणाला, आणि मग त्याने जीभ चावली.

हे सगळं घरी सांगितल्यावर टीचर खुर्चीला धरून हसली. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. दोन नाहीवर एक हो. तुझ्या मानाने चांगलाच हिशेब आहे." शिटी तिने खिळ्याला टांगली.

जहाजावरचा पूल फोटोत दिसला होता तेवढा मोठा नव्हता, पण रिकामा होता. पांढरी डोकी काठाने आपापल्या आरामखुर्च्यांत पडून होती. पाण्यात उतरायची कुणाचीच तयारी नव्हती. टीचर या टोकाला आली. तिने सवयीने गळ्याशी हात नेला, तिथे काही नव्हतं. मग ती आत शिरली, एक थेंबही न उडवता.

होयबाच्या शेजारच्या खुर्चीतले आजोबा केव्हापासून संधीच बघत होते. आधी डावा गुडघा झाला, मग उजवा. "आपण काय करता?" त्यांनी विचारलं.

"सध्या काहीच नाही," होयबा म्हणाला. "ती माझी बायको. तिला बघतोय."

पण बघायला काही नव्हतं. पाणी सपाट. होयबा खुर्चीत पुढे सरकला, मग अर्धवट उठलाच.

"हल्लीची पिढी एका जागी म्हणून बसत नाही," आजोबा म्हणाले आणि थांबले. उत्तराची वाट बघत राहिले. होयबाला ऐकूच गेलं नव्हतं. तो काठाशी जाऊन उभा होता, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी पुढे.

पार त्या टोकाला तिचं डोकं वर आलं. तिने तोंडावरचं पाणी निपटलं, वळून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "घाबरलास?"