डोहातले शिंपले

पांढुर्ण्याच्या वरच्या अंगाला, आमच्या संत्र्याच्या बगिच्याला लागूनच जाम नदीचा एक डोह आहे. उन्हाळ्यात नदीची धार तुटली तरी तो आटत नसे, आणि पाणी असं नितळ की तळातली वाळू दिसावी. वस्तीवरची बोअर कोरडी पडली की बाया तिथूनच हंडे भरून नेत.

त्या डोहात शिंपले खूप. घरात त्यांचा उपयोग एकच ठाऊक होता: रिकामा शिंपला दगडावर घासून भोक पाडायचं आणि त्यानं कैरी सोलायची. जिवंत शिंपल्याकडे कोण पाहतो? मी सौसरच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मला पाहावंसं वाटलं. एका सुट्टीत माहेरी आले असताना गुरांच्या टाक्यातलं हिरवं पाणी काचेच्या बरणीत घेतलं आणि त्यात दोन-तीन शिंपले सोडले. संध्याकाळपर्यंत पाण्याचा हिरवेपणा गेला. धाकटा भाऊ बरणीपुढून हलेना.

"ताई, हे त पाणी पिऊन राहिले नं."

"पिऊन नाही, गाळून राहिले," मी म्हटलं. शेवाळ, बारीक गाळ पोटात घेतात आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतात. बगिच्यातलं खत वाहून येतं, वरच्या गावाची घाण येते, तरी आपला डोह नितळ राहतो तो ह्यांच्यामुळे, हेही सांगितलं.

तेव्हापासून तो मला 'शिंपीण' म्हणू लागला. मी जन्मात कधी बटण लावलेलं नाही, पण नाव आवडलं.

पुढे त्याचे फोन सुरू झाले. शिंपले किती खोल बसतात, काढताना मरू नयेत म्हणून काय करावं, पाण्याबाहेर किती वेळ जगतात. मी हौसेनं सांगत गेले. माझ्या भावाला आता नदीची काळजी लागली, असं शाळेत ज्याला-त्याला ऐकवत सुटले.

पुढच्या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा डोहावर हिरवी साय धरली होती. वास येत होता. एक गाय काठापर्यंत आली, हुंगलं आणि परत फिरली. काठाकाठाची वाळू पार उकरलेली होती, आणि एकही शिंपला दिसेना.

शिंपले बगिच्यात होते. प्लास्टिक अंथरून पाणी भरलेल्या खड्ड्यात, जाळीच्या पिशव्यांत टांगलेले. भाऊ मोत्याची शेती शिकून आला होता. शिंपला किलकिला करायचा, आत मणी सरकवायचा आणि वाट पाहायची. निम्म्याहून जास्त मेले होते, बांधावर त्यांचा ढीग पडला होता.

"मले एका शब्दानं विचारलं काहून नाही?" मी म्हटलं.

"नदी काई आपल्या बापाची आहे का, ताई? मी नसते काढले त दुसऱ्यानं काढले असते." मग अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "अन् सगळं त तूच सांगतलं नं."

मला तेच झोंबलं. परक्यानं नेले असते तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ह्यानं माझ्याच हातून कुलूप उघडून घेतलं होतं, आणि मी ते प्रेम समजत होते.

दीड वर्ष मी माहेरचं तोंड पाहिलं नाही; मधली भाऊबीजही चुकवली. बाया आता लांबून पाणी आणतात, हे आईकडून फोनवर कळत होतं. यंदाच्या भाऊबीजेला मात्र गेले, तेही तिनं फार आग्रह धरला म्हणून. त्याला पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि ताटात एक मोती ठेवला.

"पहिला निंगाला तो तुह्यासाठीच ठेवला, ताई. तुह्याच शिंपल्याचा आहे."

ओवाळणी काही परत करता येत नाही. मी मोती उचलला. तो पाया पडायला वाकला. दरवर्षी मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून 'सुखी राहा' म्हणते. यंदा हात ठेवला, पण शब्द निघाला नाही. तो हसत उठला आणि करंजी मागायला आईकडे गेला.