खरवसाची पहिली वाटी

सोलापुरातल्या माझ्या शेजारणीनं आज खरवस आणून दिला. झाकण काढलं, आणि गूळ-वेलदोड्याच्या वासानं मी थेट सांगोल्याजवळच्या आमच्या गोठ्यात जाऊन पोचले.

गाय व्यायला झाली की घरात पैज लागायची, गोऱ्हा का कालवड? ज्याचं बरोबर येईल त्याला खरवसाची पहिली वाटी. एका सकाळी दहा वर्षांचा माझा भाऊ दत्ता ओरडला, "कालवड!" आणि खरंच कालवड झाली. आण्णांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. "माझ्या लेकाचा शब्द खाली पडत न्हाय!" मी टाळ्या वाजवल्या. कालवड अजून ओली होती, थरथरत उभी राहत होती.

त्याआधी दोनदा दत्ता चुकला होता. दोन्ही वेळा तो रडला, आणि दोन्ही वेळा मी जिंकलेली वाटी त्याच्या हातात दिली. सगळ्यांनी माझंच कौतुक केलं होतं.

कॉलेजात त्याला मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळायचा नाद लागला. आधी फी गेली. मग त्यानं गाय विकली, तीच कालवड. आण्णा आता गोठ्याकडं फिरकत नाहीत.

मी वाटी बाजूला ठेवून त्याला फोन लावला.

"आक्का, एकदाच पैसे दे की. या खेपेला लागतंयच बघ. आण्णा काय म्हणायचे, इसरलीस व्हय?"

जन्मात पहिल्यांदा मी त्याला नाही म्हटलं. पलीकडून तो रडायला लागला, अगदी लहानपणी रडायचा तसा.