पाटावरचा सर्व्हर

पासवर्ड टाकला की नागापूरच्या त्या कारखान्याच्या ऑफिसातले बाराही कॉम्प्युटर चार-चार मिनिटं नुसते गरगरत बसायचे. ते मी बसवलेले. शेठनी भर हॉलमध्ये, सगळ्या स्टाफसमोर मला सुनावलं, "भाऊ, नव्याच्या नावाखाली जुने पार्ट घातले तुमी."

कर्जतहून येऊन मी दुसऱ्याच्या दुकानात फरशीवर बसून हे काम शिकलो. दरावरून मी हुज्जत घालतो, तोंड टाकतो, पण जुना माल नवा म्हणून कधी खपवला नाही. एमआयडीसीत असली गोष्ट टपरीवर पोचली की पुढचं काम कोण देतो?

दुसऱ्या सकाळी एका मशीनची नेटवर्कची वायर काढून लॉगिन केलं. दहा सेकंदांत उघडलं. वायर लावली, पुन्हा चार मिनिटं. म्हणजे मशीन ठणठणीत. शोधलं तर प्रत्येक मशीन सुरू होताना जुन्या सर्व्हरवरचा एक फोल्डर मागत होतं आणि उत्तर येईना म्हणून ताटकळत होतं.

तो सर्व्हर शेठच्या केबिनमध्ये सापडला. नवा सर्व्हर आल्यावर दसऱ्याला त्यांनी तो परस्पर बंद करून देव्हाऱ्याशेजारी पाटावर बसवला होता. झेंडूची वाळकी माळ, कुंकू, सीडीच्या फटीत अक्षता. मला शिसारी आली. पूजेची नाही. बंद करताना मला एक फोन करायचा नाही आणि वर मलाच चोर ठरवायचं, याची.

"आवो, कारखान्याचा पयला कॉम्प्युटर त्यो. लक्ष्मी हाय. भंगारात घालू व्हय?"

"ठेवा की. पण हॉलमध्ये बोललात ते हॉलमध्येच मागं घ्या. एक मशीन नीट केलंय. उरलेली अकरा त्यानंतर."

"चहा तरी घ्या."

"चहा नको."

शेठ बाहेर आले, घसा खाकरला. "नेटवर्कचा प्रॉब्लेम हुता. भाऊंनी काढला." पार्टबद्दल चकार शब्द नाही. मी तोंड उघडेपर्यंत ते केबिनमध्ये गेलेसुद्धा. काम अर्धवट टाकून गेलो असतो तर तेही माझ्याच माथी बसलं असतं. चडफडत एकेका मशीनवरून त्या फोल्डरची जोडणी काढत गेलो.

शेवटचं मशीन डिस्पॅच बघणाऱ्या ताईंचं. त्यांनी पासवर्ड टाकला, स्क्रीन लगेच उघडली. खूश होऊन त्या शेजारणीला म्हणाल्या, "बघ गं, शेवटी नवे पार्ट टाकायला लावलेच शेठनी."