भिणारा फुलबॅक

फुटबॉलचा सामना सुरू व्हायच्या आधी खेळ शिकवणारे शिंगाडे मास्तर मैदानाच्या टोकाच्या लिंबामागे जाऊन ओकायचे. खेळणार पोरं आणि ओकणार मास्तर. जालन्याच्या त्या शाळेत भूमिती शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो, तेव्हा पहिल्यांदा हे पाहिलं. माणूस आजारी असावा असं वाटून मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. त्यांनी चूळ भरली, उपरण्याने तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाले, "तब्येत बराबर हाय, गुरुजी. भ्या वाटून राह्यलं, दुसरं काई न्हाई."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. रुंद छाती, जाड मनगटं, कानापर्यंत गेलेल्या मिशा. असा माणूस भ्याला होता, आणि ते एका अनोळखी माणसाला सांगत होता. मी स्वतः जन्माचा भित्रा. पण मी ते आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

शिंगाडे मास्तर वाटूरचे. घरची मेंढरं. पोरवयात चुलत्याबरोबर घोंगड्या विकायला हैदराबादला गेले आणि तिथे एका मैदानाच्या कडेला उभे राहून खेळ बघताना बाहेर आलेला चेंडू त्यांनी अनवाणी पायाने परत मारला. तो इतका लांब गेला म्हणे, की मैदानातल्यांनी खेळ थांबवला. तो संघ एका नवाबसाहेबांच्या पदरी होता. खेळाडूंना राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि महिन्याचा पगार. चुलता घोंगड्या संपवून परतला, पुतण्या तिथेच राहिला. बारा वर्षं त्यांनी फुटबॉल खेळून पोट भरलं. फुलबॅक म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. तो चुकला की गोल.

ती नोकरी कशी गेली, हे ते दर वर्षी नव्या पोरांना मैदानावर बसवून सांगत. एका मोठ्या सामन्यात गोऱ्या पलटणीचा एक धिप्पाड खेळाडू चेंडू घेऊन सरळ त्यांच्या अंगावर आला. त्यांनी पाय पुढे घातला आणि ऐन वेळी मागे घेतला. गोल झाला. नवाबसाहेब एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांचा सदरा दुसऱ्याच्या अंगात होता.

"भ्या वाटलं म्हणून गोल झाला न्हाई," ते पोरांना सांगायचे. "भ्या तर मला रोजच वाटत व्हतं. त्या दिवशी मी ते लपवलं. बाजूच्याला सांगितलं असतं तर तो धावून आला असता."

म्हणून त्यांच्या पोरांना एक वेगळीच सवय होती. समोरून कोणी अंगावर आला आणि भीती वाटली की पोराने मोठ्याने ओरडायचं, "मला भ्या!" ते ऐकलं की जवळचा गडी सगळं सोडून त्याच्या मदतीला धावायचा. दुसऱ्या शाळांची पोरं पोट धरून हसत. पण आमच्या शाळेवर गोल होणं कठीण झालं होतं.

हैदराबाद संस्थानाच्या शेवटच्या वर्षी गावात खरी भीती आली. हातात बंदुका घेतलेल्या टोळ्या मोटारींतून फिरत. कोणाला कुठे नेलं, याची चौकशी करायला कोणी जात नसे. ज्यांना शक्य होतं ती कुटुंबं हद्दीपलीकडे बुलढाण्याकडे निघून गेली. वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागली. शाळेतून घरी येताना मी रोज वेगळ्या गल्लीने येई. बाहेर मोटारीचा आवाज आला की माझ्या हातातला घास तसाच राही. बायको विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही.

त्यातच वरून हुकूम आला, की सगळं आलबेल असल्याचं लोकांना दिसावं म्हणून शाळांनी नेहमीसारखे सामने खेळावेत. आमचा सामना परतूरला ठरला. पोरांबरोबर दुसरा शिक्षक हवा होता. हेडमास्तरांनी माझं नाव घातलं. नाही म्हणायचीही मला भीती वाटली.

आमच्या संघात अच्युत नावाचा मुलगा होता, डाव्या बाजूला खेळायचा. भूमितीत वर्गात पहिला. त्याचा थोरला भाऊ हद्दीपलीकडच्या छावणीत जाऊन संस्थानाविरुद्धच्या चळवळीत सामील झाला होता. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलत नव्हतं. त्याला नेऊ नये असं मी शिंगाडे मास्तरांना एकदा सुचवलं. ते म्हणाले, "मागं ठिवला तर त्याच्याच घराकडं बोट दाखवल्यावानी व्हतंय. गुरुजी, मलाबी भ्या वाटतंय. पण तो संगं बरा."

सामना झाला. कोण जिंकलं हे आज मला आठवत नाही. भाड्याच्या लॉरीतून आम्ही परत निघालो. वाटूर दोन-तीन मैलांवर राहिलं असेल. ऊन चांगलं होतं, दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती. वळणावर रस्त्यात आडवी मोटार लावलेली दिसली आणि ड्रायव्हरने न सांगता लॉरी थांबवली.

सहा-सात जण होते. त्यांच्या म्होरक्याने सगळ्यांना खाली उतरवून रस्त्याच्या कडेला ओळीत उभं केलं, आम्हा दोघा मास्तरांना टोकाला. त्याच्याकडे एका नावाची चिठ्ठी होती. त्याने अच्युतच्या भावाचं नाव घेतलं. त्याचा धाकटा भाऊ या पोरांत आहे अशी खबर आहे, तेवढा दाखवा आणि जा, असं त्याने दख्खनी उर्दूत सांगितलं. आवाज चढवला नाही. त्यामुळे जास्तच भीती वाटली.

शिंगाडे मास्तर भ्याले आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. ते म्हणाले, तो पोरगा आलाच नाही, त्याची आई आजारी आहे, त्याच्या जागी दुसरा आणला. म्होरक्याने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मग तो माझ्यापुढे आला.

"आप बोलो, मास्टर. कौन है?"

मी काहीच बोललो नाही, हे खरं आहे. पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो. पण माझे डोळे वळले. अच्युत डावीकडून तिसरा उभा होता आणि माझी मान आपोआप त्या बाजूला फिरू लागली. मी ती थांबवू शकत नव्हतो. म्होरक्या माझ्या डोळ्यांकडेच बघत होता.

तेवढ्यात माझ्यासमोर शिंगाडे मास्तरांची रुंद छाती आली. ते दोन पावलं टाकून माझ्या आणि पोरांच्या मध्ये उभे राहिले होते. मला त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसेना. त्यांनी पोटावर हात दाबला, वाकले आणि म्होरक्याच्या बुटांवर भडाभडा ओकले.

त्याने शिवी हासडली. शेजारच्या माणसाने बंदुकीचा दस्ता मास्तरांच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते खाली पडले, पण ओरडले नाहीत. माझ्या पायाशी पडल्या पडल्या माझ्याकडेच बघत राहिले. मीही मग त्यांच्याकडे बघत राहिलो.

म्होरक्या रशीदकडे वळला. रशीद आमचा सेंटर फॉरवर्ड. तू तर आपला आहेस, तू सांग, असं त्याने म्हटलं. रशीदचे ओठ पांढरे पडले होते. त्याने त्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "वो नहीं आया, साहब. मास्टर साहब सच बोलते."

त्यांना पुढे कुठेतरी पोहोचायचं असावं. बूट गवताला पुसून म्होरक्या मोटारीत बसला आणि ते निघून गेले. मग अच्युत खाली बसला आणि मोठ्याने रडायला लागला. मास्तरांना वाटूरला त्यांच्या भावाच्या घरी उतरवून आम्ही जालन्याला आलो. हाडवैद्याने गुडघा बांधला, पण तो पाय पुन्हा वाकला नाही.

सप्टेंबरात फौजा आल्या आणि टोळ्या चार दिवसांत दिसेनाशा झाल्या. आमच्या गल्लीत पेढे वाटले. रशीदच्या गल्लीची दारं मात्र बंद झाली. आता मोटारीचा आवाज ऐकून त्यांच्या हातातला घास थांबत होता. तिसऱ्या दिवशी भर दुपारी वाटूरहून एक बैलगाडी आली आणि त्या गल्लीत शिरली. गाडीत शिंगाडे मास्तर होते, लाकडी काठी मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनी रशीदला आणि त्याच्या आईला गाडीत घेतलं आणि सगळ्या बाजारपेठेतून वाटूरला नेलं. कोणी अडवलं नाही. मधेच गाडी थांबवून ते उतरले आणि नालीच्या कडेला ओकले, असं बघणाऱ्यांनी सांगितलं. गावातली परिस्थिती निवळेपर्यंत दोघं तिथेच राहिले.

इतक्या दिवसांत मी त्यांना भेटायला गेलो नव्हतो. दिवाळीनंतर ते नोकरी सोडायला शाळेत आले, तेव्हा मात्र मला टाळता आलं नाही. खेळाच्या सामानाच्या खोलीत ते एकटेच बसले होते, चेंडूंच्या फाटक्या शिवणी तपासत. मी दार लोटून घेतलं आणि त्या दिवशी रस्त्यावर माझं काय झालं ते सांगितलं. माझे डोळे वळले होते, हेही सांगितलं.

"मला दिसलं व्हतं," ते म्हणाले. "माझेबी वळून राह्यले व्हते, गुरुजी. म्हणून तर मी पोरांकडं पाठ केली अन् तुमच्याकडं बघत राह्यलो."

त्यांनी हातातला चेंडू बाजूला ठेवला.

"त्या पोराला ठावं हाय का?"

मी नाही म्हटलं.

"मंग सांगू नका. मन मोकळं करायला मला सांगितलं तेवढं बास. त्याला अजून तुमच्यापाशी शिकायचं हाय."

ते काठी टेकत बाहेर गेले. फाटकापाशी भाऊ गाडी घेऊन थांबला होता. पोरं गाडीमागे वेशीपर्यंत गेली. मी गेलो नाही, माझा तास होता.

वाटूरला त्यांनी पुन्हा मेंढरं सांभाळली आणि सात-आठ वर्षांनी ते वारले, असं रशीदकडून कळलं. अच्युतला मी पुढे दोन वर्षं भूमिती शिकवली. तो पहिल्या बाकावर बसायचा. शंका विचारायला त्याने मान वर केली की मी फळ्याकडे तोंड करून उत्तर द्यायचो.