हेमराजचा आरसा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवालाही नाही. तुला सांगतोय म्हणून तू फार जवळचा आहेस असं समजू नकोस. कुणाला तरी सांगायचंच होतं, तू समोर सापडलास.

देवरीत मला सगळे साहेब म्हणतात. हवाई दलात आयुष्य काढून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, हायवेला लागून घर बांधलं. झेंडावंदनाला शाळेत बोलावतात आणि मी मुलांना शिस्तीवर भाषण देतो. मुलं ऐकतात, मास्तर माना डोलावतात. मला त्या सगळ्यांचा राग येतो – इतकं कसं कळत नाही लोकांना?

हेमराज केशोरीचा. लढाऊ विमानांच्या एका तळावर आम्ही दोघंच गोंदियाकडचे. विमानाला आम्ही जहाज म्हणायचो. ते उडवणं अधिकाऱ्यांचं काम. ते उडायच्या लायकीचं आहे की नाही हे बघणं आमचं. लोकांना वाटतं, गाववाला भेटला की माणसाला परक्या मुलखात घर सापडतं. मला तसं काही झालं नाही. तो मेसमध्ये भरल्या ताटावरून मला लांबून ‘काऊन बे’ अशी हाक मारायचा आणि सगळं टेबल हसायचं. मी घासूनपुसून हिंदी तयार केली होती, आणि हा आपली बोली छातीवर बिल्ल्यासारखी लावून फिरायचा. लोक हसायचे, पण त्याच्यावर जीव टाकायचे. माझ्यावर कुणी टाकला नाही. तो मला आवडत नव्हता – सरळ सांगतो, आजही आवडत नाही.

आता कामाचं सांगतो, नाहीतर तुला काही कळायचं नाही. प्रत्येकाची टूलची पेटी असते आणि पेटीत प्रत्येक टूलच्या आकाराची खाच. खाच रिकामी दिसली की टूल कुठे आहे ते सांगावं लागतं. दुसऱ्याचं टूल घेतलं तर त्या खाचेत आपल्या नंबरचं पितळी टोकन ठेवायचं. काम संपलं की मोजणी. एक पाना जरी कमी भरला तरी जहाज उडत नाही, कारण तो पाना जहाजाच्या पोटात राहिला असेल तर हवेत कुठे जाऊन अडकेल ते सांगता येत नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात. गाढवालाही कळेल असं आहे.

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एकाच जहाजावर होतो. अर्ध्यातून हेमराजला शेजारच्या जहाजावर बोलावलं, तो उघडी पेटी तशीच उचलून तिकडे गेला. त्याच्या पेटीची मोजणी तिकडचं काम संपल्यावर व्हायची होती. मला कॉकपिटच्या तळाखाली बघायचं होतं. तिथं डोकं शिरत नाही, म्हणून लांब दांड्याचा छोटा आरसा आत घालून बघतात. माझ्या आरशाची काच धुरकट झाली होती. मी त्याचा मागितला आणि खिशातून टोकन काढायला लागलो. तो म्हणाला, “टोकन कायले लावतं? मी आहो न इथं.”

गाववाल्याकडून टोकन घेणं त्याला अपमानाचं वाटायचं. आपल्याकडे शेजारी भाजी चिरायची पावशी मागायला आला तर आपण काय लिहून घेतो का – तसं. नियम त्यानं मोडला, हे खरं आहे. इतकी वर्षं मी याच वाक्यावर बसून आहे. पण त्यानं मोडला तो माझ्यासाठी, हे मी कुणाला बोललो नाही.

मी तळाखालचं बघितलं, झाकण बसवलं, स्क्रू आवळले. माझी पेटी मोजली गेली – पूर्ण भरली, कारण माझा धुरकट आरसा माझ्या खाचेत होताच. जहाज तयार म्हणून दिलं गेलं. वैमानिक आला. पोरगाच होता. शिडी चढताना माझ्याकडे बघून हसला. त्याचे पट्टे आवळायला मी वाकलो आणि काम झालं की ज्यात आरसा खोचतो त्या मांडीवरच्या खिशावर माझा हात सवयीनं गेला.

खिसा रिकामा होता.

इथपर्यंत मी मनात किती वेळा येतो आणि परत फिरतो, तुला काय सांगू. मी विसरलो असं म्हणायला मला फार आवडलं असतं. विसरणं माफ होतं. पण मी विसरलो नव्हतो. मला त्या क्षणी कळलं होतं की आरसा त्या पोराच्या पायाखाली आहे, जिथून जहाज वळवायचे दांडे जातात तिथं. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. मी पट्टा ओढला, घट्ट बसला का बघितलं आणि शिडी उतरलो. काय विचार केला मी? असा विचार केला की बहुतेक काही होणार नाही. आणि झालं तर – आरशावर नंबर हेमराजचा आहे. हा दुसरा विचारही मीच केला. कुणी माझ्या डोक्यात घातला नाही.

जहाज थांबवलं ते हेमराजनं. त्याला रिकामी खाच दिसली आणि तो हात वर करून धावत आला. इंजिन बंद झालं, पोरगा खाली उतरला. सगळ्यांसमोर हेमराजनं मला विचारलं, आरसा कुठंय? मी म्हणालो, कोणता आरसा?

झाकण उघडलं. आरसा एका दांड्याला टेकून पडला होता. चौकशी बसली. त्यानं खरं सांगितलं. मी सांगितलं की सकाळी तोही त्याच जागी होता, त्याचाच राहिला असेल. आणि त्यानं टोकनशिवाय टूल द्यायची सवय लावून घेतली आहे, हेही सांगितलं. हे मला कुणी विचारलंही नव्हतं. झाकण नीट न बघता लावलं म्हणून मला समज मिळाली. त्याला जहाजांवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, बढती थांबली, नोकरीची मुदत संपल्यावर ती वाढवून मिळाली नाही. तो पेन्शनशिवाय केशोरीला परतला. आता दुसऱ्याच्या शेतातली धानाची बांधी ठेक्यानं कसतो. ज्यानं त्या वैमानिकाचा जीव वाचवला त्यालाच निष्काळजी ठरवून घरी धाडलं, आणि ते मी करवलं.

एवढंच असतं तर जुनी गोष्ट म्हणून सोडून दिली असती मी. माझी कातडी तेवढी जाड आहे. पण मागच्या हिवाळ्यात चिचगडकडच्या एका घरातली माणसं माझ्याकडे आली. हेमराजच्या मुलीची सोयरीक त्यांच्याकडे जुळत होती. आपल्याकडे पसंतीआधी माणसं घराण्याची चौकशी करतातच, आणि मी त्याच्याबरोबर नोकरीत होतो. बाप कसा, नोकरी काऊन गेली, असं विचारलं. आता मला कुणाची भीती होती? बढती नाही, चौकशी नाही. चांगला माणूस आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, बेजबाबदारीवरून काढलं होतं. बाकी तुम्ही बघा.

सोयरीक मोडली.

काही दिवसांनी हेमराज दारात आला. केस पांढरे, अंगावर घडीचा शर्ट. आत ये म्हटलं तर आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, “जहाजाचं मी कईच सोडलो. माया पोरीनं तुयं का बिघडवलं?”

आवाज चढवला नाही त्यानं. तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. माझ्याकडे उत्तर होतं – तिनं काहीच बिघडवलं नव्हतं. मी म्हणालो, मला जे माहीत होतं ते सांगितलं.

त्यानं मान हलवली आणि तो बसस्टँडकडे चालता झाला. मी दार लावलं. बायकोनं ताट वाढलं होतं. मी बसलो आणि पोटभर जेवलो.