प्रताप तांडेलाचा सायलेन्सर

किनाऱ्यावरच्या नवापुरात तेव्हा कुणालाही विचारलं तर लोक सांगायचे, प्रताप तांडेलाला पन्नाशीत चळ लागला, पोरासोरांसारखा सायलेन्सर वाजवत फिरतो. लोकांचं काय जातं? जिभेला हाड थोडंच असतं! खरं काय ते एकट्या मंगलाला ठाऊक होतं. पण ती पडली त्याची बायको, तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

प्रताप कमलाकांत नाखव्याच्या बोटीचा तांडेल. बोट कुठं न्यायची, जाळं कुठं टाकायचं, आठ खलाशी सुखरूप घरी कसे आणायचे, सगळं त्याच्या शब्दावर. आणि त्याच्या कानाची तर किनाऱ्यावर ख्याती. इंजिन बंद करून तो वल्हं पाण्यात उभं धरायचा, वरच्या टोकाला कान लावायचा आणि सांगायचा, खाली घोळ मासळी ओरडतेय, टाका जाळं. यंत्रं आली तरी कमलाकांत म्हणायचा, आधी प्रतापचा कान, मग यंत्र. तोच कान तीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी बसला आणि इंजिनानं तो खाल्ला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीत त्याचा एकच शौक. दणकट मोटारसायकल काढायची, मंगलाला मागं बसवायचं आणि त्र्यंबक, सापुतारा करत हिंडायचं. यंदा निघण्याआधी तो तिला घेऊन बोईसरला निमेशच्या गॅरेजात गेला. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर पाहिजे म्हणाला.

निमेशनं पहिला लावून गाडी सुरू केली. चांगला दमदार होता. प्रतापनं मान हलवली, नको. दुसऱ्याला शेजारच्या चहावाल्यानं हिंदीत शिवी हासडली, तरी नको. तेवढ्यात मंगलाचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. पेट्रोलच्या टाकीवर त्यानं तळवा सपाट ठेवला होता. गाडी चालू आहे की बंद, ते तो हातानं चाचपत होता. हाकेला ओ न देणं, टीव्ही मोठा लावणं, बाजारात भलतीच उत्तरं देणं, सगळ्याचा उलगडा तिला तिथंच झाला.

तिसरा सुरू झाला तसं निमेशनं स्वतःचेच कान झाकले. "काका, ह्यो रस्त्यावर चालायचा नाय. पोलीस धरतील."

प्रताप मात्र हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. "हाच लाव," म्हणाला.

घरी परतताना बेटेगावपाशी तिनं गाडी थांबवायला लावली आणि तोंडावर विचारलं, "तुमाला ऐकू येत नाय ना?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "कुणाला बोलू नको. बहिऱ्या तांडेलासंगं दर्यात कोण येल?"

"आणि ती आठ माणसं?" ती म्हणाली. हे त्याला ऐकू आलं नाही, की त्यानं येऊ दिलं नाही, देव जाणे. त्यानं गाडी सुरू केली. मंगलाही गप्प बसली, आणि ते तिला आजही खातं.

सहल झाली. आवाजावरून त्याला गिअर कळत होते, तो खुश होता. गावात मात्र शिव्याशाप सुरू झाले. बंदी उठायला आठवडा राहिला तेव्हा कमलाकांत दारात येऊन ओरडला, "प्रताप, काढ तो सायलेन्सर. तुझ्यापायी लोक मला हसतात." प्रतापनं निमूट काढला. वाद घालायचा तर कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा टवाळ ठरणं त्याला परवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाकांत पुन्हा आला, डिझेल भरायचं ठरवायला. ओट्यावर बसला. अंगणात प्रतापनं जुन्या सायलेन्सरची गाडी सुरू केली. इंजिन लागलं. प्रतापनं पुन्हा स्टार्टर दाबला. चालत्या इंजिनात दाते करकरले. त्यानं तिसऱ्यांदा दाबला.

कमलाकांतचा जन्म इंजिनांत गेलेला. तो उठला, प्रतापच्या पाठीमागं उभा राहिला आणि त्यानं नेहमीच्या आवाजात दोनदा हाक मारली. मग तो मंगलाकडे वळला.

"वहिनी, कवापासून?"

मंगलानं मान खाली घातली.

"माझी आठ माणसं हाईत, वहिनी. यंदा बोट दादू नेईल." बोटीवरच्याच खलाशी दादूला वल्ह्याला कान लावायला प्रतापनंच शिकवलं होतं. कमलाकांत डोळे पुसत निघून गेला. तो चुकला असं म्हणायची सोय नाही, याचाच मंगलाला जास्त राग आला.

प्रताप वळला. "नाखवा का गेला? काय बोलला?"

तिनं त्याचा हात धरला, हळूच सांगितलं. त्यानं कानामागं तळवा लावला. "काय?"

असली गोष्ट नवऱ्याला कुजबुजूनच सांगायची असते. मंगलानं छातीत श्वास भरला आणि ओरडून सांगितली. मासळी वाळत घालणाऱ्या बाया थांबल्या, समोरच्या घराची खिडकी उघडली. अख्ख्या आळीनं ऐकलं.

प्रतापनं किल्ली फिरवली आणि गाडी बंद झाली का ते बघायला टाकीवर हात ठेवला.