मुकादमकीला नाही म्हणायच्या आधी

दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या ढिगामागून आधी प्रश्न यायचा, मग ती. म्हणून सगळे तिला चौकशीमावशी म्हणत. इस्त्रीच्या यंत्रात चादर सरकवता सरकवता विचारायची, “डॉक्टरांचा कोट पांढराच का हो?” उत्तर नाही मिळालं तरी तिचं काही अडत नसे. या वेळी मात्र अडलं होतं.

जुना मुकादम निवृत्त होत होता. ती जागा तिला मनापासून हवी होती. साबणाच्या पाण्यात वर्षं गेली, आता हातांनी कुरकुर सुरू केली होती. मॅनेजरबाईंनी स्वतःहून विचारलंही. पण गेल्या महिन्यात तिने जादा पाळ्या केल्या आणि पगारातून एवढा कर कापला गेला, की पगाराची चिठ्ठी बघून नवऱ्याचा घासच अडकला.

“बघितलंस? जास्त कमावलं की जास्त कापतात. मुकादम होशील आणि आत्तापेक्षा कमी घेऊन येशील. सरळ नाही म्हणून टाक.”

“पण एवढा का कापतात?”

“झालं हिचं सुरू!”

दुसऱ्या दिवशी नकार द्यायला निघालेली ती वाटेत पगार काढणाऱ्या कारकुनाच्या खोलीत शिरली. तो जेवायला बसला होता.

“दादा, माझ्या पगाराला कात्री कोण लावतं? तुम्ही?”

“मी नाही हो मावशी, संगणक. तो या महिन्याचा पगार बघतो आणि धरून चालतो, की तुम्ही वर्षभर एवढंच कमावणार. मग अख्ख्या वर्षाचा कर काढतो, त्यातला एका महिन्याचा वाटा कापतो. तो आम्ही सरकारकडे भरतो.”

“म्हणजे मी एक महिना मरमर राबले, आणि त्याला वाटलं मी श्रीमंत झाले?”

“अगदी!”

“वेडाच आहे की! आमचं धुण्याचं यंत्रही कपड्यांच्या वजनावरून वेळ सांगतं. चुकतंच. पण मग सुधारतं तरी.”

“इथे वर्ष संपल्यावर सुधारतं. खऱ्या कमाईवर हिशेब होतो, जादा कापलेलं सरकारकडून परत मागून घ्यायचं.”

“बरं. आणि पगारच वाढला तर? कराची मर्यादा ओलांडली की सगळ्या पगारावर जास्त कर?”

कारकुनाचा चमचा हवेतच राहिला. “सगळ्यावर? कुणी सांगितलं? मर्यादेच्या वर जेवढं जाईल, तेवढ्यावरच जास्त दर. खालच्याला हात लावत नाहीत. त्या दरामुळे पगार वाढून हातात कमी, असं होत नाही.”

“नक्की?”

“मावशी, भात गार होतोय!”

संध्याकाळी नवरा घरी आला. कुरिअरची गाडी चालवून पाठ आखडलेली. बूट काढता काढताच म्हणाला, “सांगितलंस ना नाही?”

“हो म्हणून आले.”

तो काही बोलायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. आता हा भडकणार, असं तिला वाटलं. पण त्याने काढलेला बूट हातातच धरून विचारलं,

“वरच्यावरच? खालच्याला नाही?”

“नाही.”

“मला लांबची, जास्त पैशांची फेरी देत होते. दोनदा. मी नाही म्हटलं, सरकारला कोण पोसणार…”

ती त्याच्याशेजारी टेकली. “अजून रिकामी आहे का ती फेरी?”

“असेल. पण मला नाही जमत असं जाऊन विचारायला.”

“मी येऊ?”

“डेपोत? बायकोला घेऊन? हसतील सगळे.” त्याने बूट खाली ठेवला. “तू फक्त सांग, आधी काय विचारायचं.”